बसणाऱ्याची खुर्ची

निळ्या चौकोनातला तो पांढरा माणूस तुम्ही रोज पाहता. मेट्रोच्या लिफ्टवर, मॉलच्या पार्किंगमध्ये, लोकलच्या राखीव डब्यावर. १९६८ साली सुझान कोफोड नावाच्या एका डॅनिश डिझाइन विद्यार्थिनीने हे चिन्ह काढलं, तेव्हा त्यातल्या आकृतीला डोकंच नव्हतं. नुसती खुर्ची आणि तिच्यात मिसळून गेलेलं शरीर. डोक्याचा गोल नंतर जोडण्यात आला. म्हणजे खुर्ची आधी आली आणि माणूस मागाहून.

मग २०१० च्या आसपास अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये सारा हेंड्रेन आणि ब्रायन ग्लेनी या दोघांनी जुन्या पाट्यांवर नव्या आकृतीचे स्टिकर चिकटवायला सुरुवात केली. नव्या आकृतीतला माणूस पुढे झुकलेला आहे, कोपर मागे गेलंय, चाकाला जोर लावून तो निघालाय. जुन्या चित्रातला माणूस कोणीतरी येऊन ढकलेल म्हणून बसून राहिल्यासारखा दिसतो.

या दोन चित्रांमध्ये जो फरक आहे तोच व्हीलचेअरच्या इतिहासातला मुख्य झगडा आहे, असं माझं मत आहे. खुर्ची कोणाची? मागून ढकलणाऱ्याची की आत बसणाऱ्याची? मी नऊ वर्षं बसणाऱ्यांच्या बाजूला आहे, तेव्हा या लेखात मी तटस्थ असेन अशी अपेक्षा ठेवू नका.

राजा आणि घड्याळजी

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला संधिवाताने बेजार केलं होतं. १५९५ च्या सुमाराला त्याच्यासाठी बनलेल्या खुर्चीचं चित्र त्याच्या पदरी असलेल्या जेहान लेर्मीत याने काढून ठेवलंय. गादी आहे, पाठ मागे कलते, पाय ठेवायला फळी वर येते. आजच्या रिक्लायनर सोफ्याची आजीच म्हणा. चाकं मात्र चारही छोटी, जमिनीलगत. बसल्या जागेवरून राजाचा हात त्यांच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. त्याला त्याची गरजही नव्हती, ढकलायला नोकर होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसांपैकी एक असलेला फिलिप दोन खोल्यांमधलं अंतर मात्र दुसऱ्याच्या मर्जीने कापत होता.

त्यानंतर साठेक वर्षांनी, १६५५ च्या सुमारास, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फलर नावाचा विशी-बाविशीतला घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हतं. नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती, पण दातेरी चाकं कशी फिरतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने दांडा फिरवायचा, दात्यांमधून ती गती पुढच्या चाकाला जायची आणि गाडी चालायची.

ओळखीचं वाटलं? आपल्याकडे एसटी स्टँडबाहेर, देवळाच्या रस्त्याला, तालुक्याच्या बाजारात हाताने पायडल मारायची तीनचाकी दिसते, तिचं तत्त्व हेच आहे. फक्त दात्यांच्या जागी सायकलची चेन आली.

राजाची खुर्ची आरामासाठी होती आणि घड्याळजीची जाण्यासाठी. पुढची साडेतीनशे वर्षं कारखानदार आणि डॉक्टर बहुतेक वेळा राजाच्या खुर्चीची नक्कल करत राहिले. घड्याळजीची कल्पना पुन्हा पुन्हा पुढे आणली ती त्या खुर्चीत बसणाऱ्यांनी.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बाथ या गावात आजारी श्रीमंत मंडळी गरम पाण्याच्या झऱ्यांत डुंबायला जात. तिथे जॉन डॉसनने १७८३ पासून 'बाथ चेअर' विकायला घेतली. दोन चाकं मागे, एक पुढे आणि पुढच्या चाकाचा लांब दांडा बसणाऱ्याच्या हातात. दिशा तुम्ही ठरवायची, पण हलायचं की नाही हे माणूस ठरवणार. निम्मं स्वातंत्र्य म्हणू.

सायकलचे उपकार

मोठं चाक बसणाऱ्याच्या हाताशी आणायचं ही साधी गोष्ट, पण अशा खुर्चीचं अमेरिकन पेटंट १८६९ चं आहे. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं आणि हातपाय गमावलेले हजारो तरुण घरी परतले होते. त्यानंतर टायरच्या बाहेरच्या बाजूला एक वेगळी कडी आली. आपण तिला हँडरिम म्हणतो. टायरला हात लावायचा म्हणजे रस्त्यावरचं सगळं तळहातावर घ्यायचं. कडी आल्याने हात स्वच्छ राहिला आणि पकडही मिळाली.

बाकी बरंचसं सायकलने दिलं. ताराचे आरे, छर्ऱ्यांचं बेअरिंग आणि १८८८ नंतर डनलॉपचा हवेचा टायर. माझी खुर्ची बिघडली की मी अजूनही सर्जिकलच्या दुकानात जात नाही, सायकलच्या दुकानात जाते. सर्जिकलवाला नवी खुर्ची दाखवतो, सायकलवाला पाना काढतो.

गॅरेजमधली घडी

हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीत काम करणारा अमेरिकन इंजिनिअर. खाणीतल्या अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला. त्या काळच्या खुर्च्या लाकूड-वेताच्या, अवजड आणि मोटारीत न मावणाऱ्या. म्हणजे घरातल्या घरात फिरा, बाहेरचं नाव नको. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हा मेकॅनिकल इंजिनिअर होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून पोलादी नळ्यांची खुर्ची बनवली. सीटखाली दोन नळ्या एकमेकींना 'क्ष' सारख्या छेद देतात. सीटचं कापड मध्ये धरून वर ओढलं की खुर्ची मिटते. वजन सुमारे ५० पौंड, म्हणजे २२-२३ किलो. मिटलेली खुर्ची मोटारीत बसली आणि तिच्यासोबत तिचा मालकही.

तुमच्या जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या दारात जा. तिथे जी खुर्ची उभी असेल ती थोड्याफार फरकाने हीच आहे. नव्वद वर्षांत फोन भिंतीवरून खिशात आला, ही खुर्ची दारातच राहिली.

याच सुमारास अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः व्हीलचेअर वापरत होता. फ्रँकलिन रूझवेल्टला १९२१ मध्ये पोलिओ झाला. बाजारातल्या धिप्पाड खुर्च्या त्याला नको होत्या. साध्या, हात नसलेल्या घरगुती खुर्चीला चाकं लावून त्याने आपली खुर्ची करवून घेतली. अरुंद, दारातून सहज जाणारी. चांगल्या खुर्चीची समज त्याला होती. पण ती लोकांना दिसू नये याचीही त्याने तेवढीच काळजी घेतली. खुर्चीतले त्याचे फोटो अगदी मोजके आहेत.

मरणार नसाल तर

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला मार बसलेला माणूस फार जगत नसे. कण्याच्या इजेपेक्षा तिच्यामागून येणारे बेडसोअर आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग त्याला मारत. जो काही महिन्यांत जाणार त्याच्यासाठी चांगली खुर्ची कोण बनवील?

१९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान या डॉक्टरकडे कण्याच्या जखमींचा विभाग आला. नाझी जर्मनीतून निसटलेला हा ज्यू डॉक्टर. त्याने दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली. माणसं जगायला लागली, आणि जगणाऱ्या माणसांना दिवसभर करायला काहीतरी हवं होतं. त्याने त्यांच्या हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जण व्हीलचेअरवरून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

या गोष्टीचा एक धागा सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावापर्यंत येतो. तिथले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. सात वर्षांनी जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

खेळामुळे खुर्चीतही फरक पडला. बास्केटबॉल खेळणाऱ्याला मागची हँडल कशाला? हात टेकायचे दांडे कशाला? खेळाडूंनी हॅकसॉ घेतली आणि नको ते कापून टाकलं. १९७५ मध्ये बॉब हॉलने बोस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवर पूर्ण केली. तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ, अशी आयोजकांची अट होती. त्याला २ तास ५८ मिनिटं लागली.

पतंगाच्या नळ्या

एव्हरेस्ट आणि जेनिंग्जची कंपनी तोवर एवढी मोठी झाली होती की १९७७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला. पुढे तो तडजोडीने मिटला. बसणाऱ्याने स्वतःसाठी बनवलेली खुर्ची चाळीसेक वर्षांत बाजार अडवून बसली होती.

तिला धक्का दिला तो मेरिलिन हॅमिल्टनने. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात हँग ग्लायडर कोसळून ती पायांनी अधू झाली. मिळालेली खुर्ची तिला रणगाड्यासारखी वाटली. तिचे दोन मित्र, जिम ओकामोटो आणि डॉन हेल्मन, ग्लायडर बनवत. ग्लायडर ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे बनतात त्याच नळ्यांची खुर्ची बनवा, असं तिने त्यांना सांगितलं. वजन जवळपास निम्म्यावर आलं आणि खुर्च्यांना रंग आले. त्या खुर्चीचं नाव 'क्विकी'.

माझ्या लेखी वजनाहून मोठी गोष्ट पुढची आहे. या नव्या खुर्च्यांमध्ये मागच्या चाकाचा एक्सल पुढे-मागे, वर-खाली सरकवता येऊ लागला. खुर्ची माणसाच्या मापाची करता येऊ लागली.

चार सेंटिमीटरची गोष्ट

हे समजायला थोडं यंत्रशास्त्र लागेल. फार नाही, सायकल चालवणाऱ्याला कळेल इतपतच.

दवाखान्याच्या खुर्चीत मोठ्या चाकाचा एक्सल पाठीच्या नळीच्या बरोबर खाली असतो. त्यामुळे बसणाऱ्याचं बरंच वजन पुढच्या छोट्या चाकांवर पडतं. छोटं चाक खड्ड्यात रुततं, उंबऱ्याला अडतं, फरशीच्या फटीत फसतं. मोठं चाक धरायला हात मागे न्यावा लागतो आणि खांदा दुखतो. एक्सल जसजसा पुढे आणाल तसतसं वजन मोठ्या चाकांवर येतं. खुर्ची हलकी पळते, जागच्या जागी वळते, छोटी चाकं चटकन उचलता येतात. मात्र फार पुढे आणला तर चढावर ती मागे उलटते. म्हणून एका वेळी सेंटिमीटरभरच सरकवायचा, मागे माणूस उभा करायचा आणि दोन दिवस फिरून बघायचं. एक्सल हलला की ब्रेकही पुन्हा लावावा लागतो, कारण ब्रेक टायरवर दाबतो आणि टायर आता वेगळ्या जागी असतो. उंची बदलली तर पुढच्या चाकाच्या काट्याची खुंटी सरळ उभी आहे ना हेही बघायचं. ती कलली की खुर्ची वळताना कुरकुरते.

उंचीचं गणित हातावर करता येतं. हात मोकळा खाली सोडला की बोटांची टोकं एक्सलपाशी यावीत. हँडरिमच्या माथ्यावर हात ठेवल्यावर कोपराचा कोन १०० ते १२० अंशांमध्ये असावा. सीटची रुंदी कंबरेला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडून. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं. पाय ठेवायची फळी जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर. ती जास्त उंच झाली तर सगळा भार बसायच्या हाडांवर येतो आणि तिथे जखम होते.

मला पहिली खुर्ची मिळाली ती १८ इंच सीटची. त्या संस्थेत सगळ्यांना तीच मिळायची, कारण कपाटात तीच होती. माझी कंबर १४ इंचांत मावते. दोन्ही बाजूंना चाकापर्यंत पोचायला मला कोंबडीच्या पंखांसारखी कोपरं फाकवावी लागत. सीटचं रेक्झिन वर्षभरात झोळीसारखं लोंबलं, त्यात मी एका अंगावर कलले आणि डाव्या बाजूला जखम झाली. पाच आठवडे पालथी पडून होते. मापाची, एक्सल सरकणारी खुर्ची आल्यावर घरातल्या कोणाच्याही मदतीशिवाय मी नाक्यापर्यंत गेले. माझं शरीर तेच होतं. एक्सल चार सेंटिमीटर पुढे आला होता आणि सीट चार इंचांनी अरुंद झाली होती.

पाना, ग्रीस आणि केस

खुर्ची चांगली असून भागत नाही, ती चालती राहावी लागते. याबाबतीत मी ज्याला गुरू मानते तो राल्फ हॉचकिस. १९६६ मध्ये विद्यार्थिदशेत मोटरसायकलच्या अपघातात तो अधू झाला. १९८० मध्ये तो निकाराग्वात गेला. तिथे त्याला चार तरुण भेटले, चौघांत मिळून एकच खुर्ची. पण त्या खुर्चीत त्यांनी स्वतःच्या अकलेने ज्या सुधारणा केल्या होत्या त्या पाहून हा अमेरिकन इंजिनिअर थक्क झाला. पुढे त्याने देशोदेशीच्या खुर्चीवाल्यांना सोबत घेऊन गावातल्या वर्कशॉपमध्ये, गावात मिळणाऱ्या नळ्या आणि सायकलचे भाग वापरून बनवता येतील अशा खुर्च्यांचं काम उभं केलं. त्यांच्या खुर्च्यांची पुढची चाकं रुंद आणि रबरी असतात, खडीत आणि मातीत रुतत नाहीत. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने आराखड्यांचं पेटंट घेऊन बसण्यापेक्षा ते वाटले. ज्या गावात खुर्ची मोडेल त्याच गावात ती दुरुस्त व्हावी, हे त्याचं साधं सूत्र.

आमच्या नाक्यावरचे सायकलवाले काका हॉचकिसला ओळखत नाहीत, पण त्याच पंथाचे आहेत. ब्रेक धरत नाही म्हणून मी एकदा त्यांच्याकडे गेले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबला.

"ताई, ब्रेक चांगलाय. हवा नाही. टायर बसला की ब्रेक कशाला टेकणार? आणि रिम आऊट झालीय, तीन आरे ढिले आहेत. बसा दहा मिनिटं."

"बसलेलीच आहे, काका."

ते हसले आणि चाक काढलं. क्विक रिलीजचं बटण मीच दाबून दाखवलं. तेवढं एक सायकलमध्ये त्यांना पाहायला मिळालं नव्हतं.

तेव्हापासून माझा रविवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला आहे. हवा बघायची. हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलीला जास्त जोर लागतो, आणि तो खांद्यातून जातो. खांदा गेला तर माझे पायच गेले. मग पुढच्या चाकांच्या एक्सलमध्ये गुंतलेले केस आणि धागे चिमट्याने काढायचे. घरात लांब केसांच्या तीन बायका आहेत, त्यामुळे कापणी भरपूर निघते. हे केस बेअरिंगमध्ये शिरले की चाक घासत चालतं. मग अॅलन की घेऊन सगळे बोल्ट एकदा तपासायचे. पावसाळ्यात बाहेरून आलं की फडक्याने पुसायचं, पाण्याचा पाइप मारायचा नाही, कारण बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि गंज चढतो. गादी उलटून बघायची, कुठे दबलीय का. आणि रविवार असो नसो, दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन किंवा पुढे झुकून बुडावरचा भार काढायचा. ही दुरुस्ती खुर्चीची नाही, माझी.

शिबिरातले फोटो

आता आपल्याकडे या. कानपूरला 'अॅलिम्को' हा केंद्र सरकारचा कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. हाताने चालवायच्या तीनचाकी आणि व्हीलचेअर तिथे बनतात, आणि गरिबांना साधनं द्यायची केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे. यातून लाखो लोक घराबाहेर पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची' नावाने मराठीत आहे. खुर्ची मिळणं ही सुरुवात असते, हे त्यांच्या संस्थेच्या कामावरून कळतं.

पण वाटपाचं शिबिर तुम्ही पाहिलंय का? मंडपात एकाच मापाच्या खुर्च्यांची रांग. आठ वर्षांचं पोर आणि ऐंशी किलोचा गडी दोघांना तीच. साहेब मागची हँडल धरतात, फोटो निघतो. बसणाऱ्याची कंबर कोणी मोजत नाही. पंक्चर कसं काढायचं कोणी सांगत नाही. सहा महिन्यांनी ती खुर्ची माळ्यावर जाते आणि माणूस पुन्हा खाटेवर.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साध्या व्हीलचेअरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. साधारण १ टक्का लोकसंख्येला व्हीलचेअर लागते, असा त्यातला अंदाज आहे. आणि खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. त्यात तपासणी आहे, बसवून मापं जुळवणं आहे, वापरायला शिकवणं आहे आणि शेवटी देखभाल-दुरुस्तीही आहे. आपल्या मंडपात यातलं फारसं काही होत नाही.

सरकारचा दृष्टिकोन करातूनही कळतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि टिकली करमुक्त होती, व्हीलचेअरवर ५ टक्के. अपंगांच्या संघटनांनी विरोध केला, कारण हा चालण्यावरचा कर होता. दुसरीकडे मद्रास आयआयटीत बसणाऱ्याच्या मापाने जुळवून घ्यायची 'निओफ्लाय' खुर्ची तयार झाली आणि ती बाजारातही आहे. म्हणजे आपल्या देशात हे जमत नाही असं नाही.

तुमच्या घरात कधी ना कधी व्हीलचेअर येईल. आजीचं खुब्याचं हाड मोडेल, काकांना अर्धांगवायू होईल, किंवा गाडी घसरून तुम्हालाच लागेल. तेव्हा ऑनलाइन ऑर्डर करण्याआधी शिवणकामाची टेप घ्या आणि बसणाऱ्याची कंबर, मांडी आणि पोटरी मोजा. एक्सल सरकतो का, विचारा. टायर-ट्यूब गावातल्या सायकलच्या दुकानात मिळेल का, तेही विचारा. आणि खुर्ची आली की मागची हँडल धरण्याआधी तिच्यात बसलेल्या माणसाला विचारा, "ढकलू का?" उत्तर 'नको' आलं, तर बाजूने चाला.